नव्वदचा पाढा

मराठी माणूस परदेशी पोहोचला की त्याला पहिला जो आजार जडतो तो हवापाण्याचा नसतो, गुणाकाराचा असतो. विमानतळावरच त्याची लक्षणे दिसू लागतात. कॉफी चार डॉलर म्हटल्याबरोबर 'तीनशे साठ रुपये!' असे उद्गार काढून तो हातातला कप खाली ठेवतो. केस कापायला पंचवीस डॉलर, म्हणजे सव्वादोन हजार रुपये, हे कळल्यावर तो डोक्यावर असे रान वाढवतो की आमच्या गडचिरोलीच्या वनखात्याला हेवा वाटावा.

जुन्या पिढीला हा पाढा तसा सोपा होता. १९६६ च्या जूनपर्यंत डॉलर चार रुपये शहात्तर पैशांना मिळे. त्या महिन्याच्या सहा तारखेला तो साडेसात रुपये झाला. १९९१ च्या जुलैत सरकारने रुपयाला तीन दिवसांत दोनदा खाली बसवले, आणि २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली. आम्हाला शाळेत तीसपर्यंतच पाढे होते. हल्लीच्या पालकांनी मुलांकडून नव्वदचा पाढा घोटून घ्यावा, पुढे उपयोगी पडतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. दोन-तीन वर्षांनी हा आजार उलटतो आणि गुणाकाराचा भागाकार होतो. मग हाच माणूस सुटीवर गावी येतो आणि दिसेल त्याला नव्वदने भागत सुटतो. आमचे साडू न्यू जर्सीला असतात. ते दर दोन वर्षांनी चंद्रपूरला येतात, आणि नेहमी डिसेंबरात येतात. (मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला जाऊन बसतो, तेव्हा मायभूमीची ओढ जरा कमी होत असावी.) चौकातला दहा रुपयांचा चहा प्यायले की म्हणतात, "अकरा सेंट! साडूभाऊ, नुसते अकरा सेंट!" कटिंग शंभर रुपये, म्हणजे एक डॉलर अकरा सेंट. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचे महिन्याचे दीड हजार ऐकून तर ते सोफ्यावरून उठलेच. "सतरा डॉलर? महिन्याला? अहो, तुम्ही लोक राजे आहात राजे!"

आता मी या संस्थानाचा राजा बँकेत कारकून आहे, आणि माझा खजिना दर महिन्याच्या वीस तारखेला रिकामा होतो, ही गोष्ट वेगळी. पण या बोलण्यावर आमच्या घरातल्या मंडळींच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरते तिच्याशी माझे भांडण आहे. साडूंशी नाही. साडूंशी भांडून चालत नाही, बायकोची बहीण मध्ये येते.

कारण साडूंचा जो विरोधी पक्ष आहे त्याचे म्हणणे तरी काय असते? आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. परदेश म्हटला की ते खवळतात. "काय ठेवलंय हो तिकडे? भांडी स्वतः घासा, संडास स्वतः धुवा, सुतार बोलावला तर दारात पाऊल ठेवायचेच शंभर डॉलर घेतो! इथे हाक मारली की माणूस हजर!" हे बोलताना गुरुजींची छाती भरून येते. म्हणजे परदेशाची आरती ओवाळणारे आणि मायभूमीचा झेंडा नाचवणारे एका गोष्टीवर मात्र ठाम एकमत आहेत: आपल्याकडे माणूस स्वस्त आहे. एकाला त्याचे आश्चर्य वाटते आणि दुसऱ्याला त्याचा अभिमान.

मी नागपूर विद्यापीठाचा बी.कॉम. आहे. या पदवीचा मला संसारात फारसा उपयोग झाला नाही. पण पहिल्याच वर्षी तिथे एक गोष्ट डोक्यात बसवली जाते, ती अजून हललेली नाही. दुनोंदी पद्धतीत कुठलीही रक्कम हवेतून पडत नाही. ती एका खात्यात जमा झाली की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडलेली असतेच. नसेल तर तेरीज जुळत नाही आणि कारकुनाला रात्री नऊपर्यंत बसावे लागते. आता साडू म्हणतात, गुरुजी म्हणतात, तुम्हीही म्हणता, 'आपल्याकडे सगळे स्वस्त.' ठीक आहे. स्वस्ताई तुमच्या खात्यात जमा केली. नावे कुणाच्या?

नावे त्या पोळ्या करणाऱ्या बाईंच्या. नावे त्या कटिंगवाल्याच्या. चहाच्या अकरा सेंटांत पातेले घासणाऱ्या पोराच्याही नावे आहे. आपण ज्याला देशाची स्वस्ताई म्हणतो ती बहुतेक वेळा कुणाची तरी मजुरी असते. न्यू जर्सीचा सुतार महाग आहे असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की तिथल्या सुताराला सुतारकामावर घर चालवता येते. याला महागाई म्हणून नाक मुरडायचे, आणि ज्याला ते जमत नाही त्या गावच्या सुताराकडे बोट दाखवून स्वतःला राजे म्हणवून घ्यायचे, हा कुठला हिशोब?

मोठ्या लोकांनी यावर विचार केलेला आहे. लंडनच्या 'द इकॉनॉमिस्ट'ने १९८६ साली एका अमेरिकन बर्गरची देशोदेशीची किंमत मांडून चलनांची तुलना सुरू केली. कल्पना चांगली आहे. पण विदर्भात बर्गरपेक्षा तर्री-पोह्यांवर विश्वास जास्त. म्हणून मी माझा निर्देशांक थोडा निराळा ठेवला आहे. वस्तूची किंमत रुपयांत नको, डॉलरमध्ये नको, ती कामाच्या तासांत सांगा. खालच्या पायरीवरच्या माणसाला ती वस्तू घ्यायला किती राबावे लागते ते बोला. यात पाढे लागत नाहीत, साधा भागाकार पुरतो.

बघा. रोजगार हमीचा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९७७ साली. त्याचा अभिमान आपण जरूर बाळगू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. अमेरिकेत केंद्र सरकारचे किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे. ते २००९ पासून हललेले नाही, म्हणून तिथलेच लोक त्याला नावे ठेवतात, आणि पुष्कळ राज्यांत दर याहून बराच जास्त आहे. पण आपण सगळ्यात हलका आकडा धरू: आठ तासांचे अठ्ठावन्न डॉलर. आता २०२५ चे भाव घ्या. दूध आपल्याकडे साठ रुपये लिटर धरले तर आपल्या माणसाच्या दिवसभराच्या घामात पाच लिटर दूध येते. त्यांच्याकडे चार डॉलरला गॅलन धरले, तर त्यांच्या गड्याच्या अठ्ठावन्न डॉलरांत चौपन्न-पंचावन्न लिटर. शंभरीपार गेलेले पेट्रोल आपल्याकडे दिवसाच्या मजुरीत जेमतेम तीन लिटर, त्यांच्याकडे साठ लिटरच्या वर. नऊशेच्या आसपासचा गॅस सिलिंडर म्हणजे आपल्या माणसाचे तीन दिवस. हा देश स्वस्त आहे? कुणासाठी? मजुरासाठी तर इथे दूधसुद्धा परदेशी माल आहे.

आता तराजूचे दुसरे पारडेही प्रामाणिकपणे पाहू, नाहीतर साडू म्हणतील कारकुनाने हातचा राखला. तिकडे घरभाडे ऐकून घाम फुटतो. लहान मूल सांभाळायला देण्याचा खर्च असा असतो की त्यापेक्षा सासूबाईंना तिकीट काढून बोलावणे परवडते. (सासूबाई सहा महिने राहतात, हा खर्च हिशोबात धरत नाहीत.) विमा नसताना दाढ दुखली तर माणूस दवाखान्याचा पत्ता शोधत नाही, विमानाचे वेळापत्रक शोधतो. आणि जाण्याची वाटही आता सोपी राहिलेली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले. म्हणा नव्वदचा पाढा! नव्वद लाख. आमच्या काउंटरवर ब्रह्मपुरीकडचे धानवाले शेतकरी पोराच्या परदेशी शिक्षणाचे कर्ज विचारायला येतात, सातबारा पिशवीत घेऊनच येतात. त्यांना अर्ज देताना माझा हात थोडा जड होतो.

पण ते अर्ज न्यायला येतात, हे महत्त्वाचे. का येतात? तिकडे बटाटे स्वस्त आहेत म्हणून नव्हे. आमच्या जिल्ह्याकडे काय कमी आहे? कोळसा आहे, सिमेंट आहे, कागद आहे, २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. शेजारच्या गडचिरोलीत लोखंड आहे आणि जंगल तर विचारूच नका. आमच्याकडून सगळेच बाहेर जाते. आधी वीज गेली, मग कोळसा गेला, आता पोरे जात आहेत. धूर तेवढा स्थानिक राहिला.

तुम्हाला देश आणि परदेश शेजारी शेजारी पाहायचे असतील तर न्यू जर्सीला जायची गरज नाही, ताडोब्याला या. पहाटे एका फाटकातून जिप्सी आत जाते. तिच्यात पुण्या-मुंबईचे आणि परदेशचे पाहुणे असतात. वाघ दिसावा म्हणून चार तासांच्या फेरीचे पाच हजारांच्या वर पैसे मोजलेले असतात. त्याच सुमारास, मे महिन्यात, आजूबाजूच्या गावांतल्या बाया तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतात. वाघ दिसू नये अशी प्रार्थना करतच शिरतात. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकड्याने पुडे बांधायचे, तेव्हा कुठे पावसाळ्याची बेगमी होते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. विडी स्वस्त असते. तिच्या किमतीत पान धरलेले असते, तंबाखू धरलेला असतो, दोरा धरलेला असतो. हे धरलेले नसते.

आणि मजा बघा, परदेशाचा खरा हिशोब ज्यांना कळतो ती माणसे आमच्याच भागात आहेत. सिरोंचा, अहेरी, गोंडपिपरी इकडची हजारो माणसे दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांना पासपोर्ट लागत नाही, पण भाषा परकी, घर परके आणि मिरचीची आग हातांना. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हीच माणसे लेकरे खांद्यावर घेऊन चालत परत येत होती. यांपैकी एकाला मी एकदा विचारले, "काय गा, तिकडे महागाई कशी आहे?" तो माझ्याकडे, चुकीच्या खिडकीवर आलेल्या गिऱ्हाइकाकडे मी पाहतो, तसा पाहू लागला. म्हणाला, "महागाई कायले पाहाची सायेब? रोजी किती पडते ते पाहाची."

बस्स. साडूंना एवढी वर्षे डॉलर कमवून आणि गुरुजींना छत्तीस वर्षे गणित शिकवून जे जमले नाही, ते त्याने एका वाक्यात सांगितले. भाव काय ते पाहू नये, रोजी किती ते पाहावे.

यावर गुरुजींचा नेहमीचा बाण ठरलेला आहे: "मजुरी वाढवली तर सगळे महागेल, देश बुडेल!" देश बुडत नाही. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाव पाहून या. २००९ साली त्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा परवाना. बांबू तोच, डोंगर तोच, तोडणारे हातही तेच. फक्त जमेची बाजू गावाच्या खात्यात आली. कुठे भूकंप झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. अमेरिकेला जायचे त्यांनी खुशाल जावे, राहायचे त्यांनी राहावे, दोघांनीही पत्र पाठवावे. फक्त 'इथे माणूस हाकेला हजर असतो' हे भूषण म्हणून सांगणे बंद करावे. तो हजर असतो कारण त्याला दुसरीकडे कुणी बोलावलेले नसते. ज्या दिवशी चंद्रपूरचा सुतार मला म्हणेल, "साहेब, पुढच्या बुधवारपर्यंत वेळ नाही, आणि दर वाढलाय," त्या दिवशी मी कुरकुरीन जरूर, पण समजेन की परदेश आता गावापर्यंत आला.

सध्या मात्र परिस्थिती अशी आहे की आमच्या गल्लीतल्या पोळ्यावाल्या बाईंनी महिन्याला दोनशे रुपये वाढवून मागितले आहेत आणि त्यावर गल्लीत महागाईविरोधी सभा भरणार आहे. अध्यक्ष अर्थातच गुरुजी. साडूही मुक्कामाला आहेत, म्हणजे प्रमुख पाहुण्यांचाही प्रश्न मिटला. वाढीच्या बाजूने बोलणारा वक्ता म्हणून मी माझे नाव दिले आहे. दोनशे रुपये म्हणजे साडूंच्या हिशोबाने दोन डॉलर बावीस सेंट. तेवढ्यासाठी राजे लोक किती वेळ भांडतात, ते रविवारी कळेल.