मिररलेस घरी, बाबांचा जुना डिजिकॅम हातात: हे उलटं का घडतंय?

कामोठ्याहून कर्नाळा अभयारण्य जवळच. तिथे पक्षी टिपायचे तर मिररलेस आणि लांब लेन्स हवीच. पण मित्राच्या हळदीला मी बाबांचा १० मेगापिक्सलचा डिजिकॅम नेला. ६० फोटो काढले, रात्री एकही एडिट केला नाही. मिररलेस असता तर ९०० रॉ फाइल्स आणि दोन रविवार गेले असते.

हे माझं एकट्याचं खूळ नाही. जपानी कॅमेरा संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये सुमारे ११ कोटी कॉम्पॅक्ट कॅमेरे बाजारात गेले. फोनने हा धंदा खाल्ला आणि २०२३ मध्ये आकडा १७ लाखांच्या आसपास आला. २०२४ मध्ये मात्र तो पुन्हा वाढला. कॅननने तर २०१६ चा पॉवरशॉट एल्फ ३६० किरकोळ बदल करून २०२५ मध्ये परत आणला.

रील्सवाले याचं श्रेय जुन्या सीसीडी सेन्सरला देतात. मला ते फारसं पटत नाही. तो 'लूक' बराचसा थेट फ्लॅश आणि कॅमेऱ्यातल्या प्रोसेसिंगचा असतो. खरी सुटका निर्णयांपासून आहे: ना लेन्स निवडायची, ना फोकस मोड.

म्हणून 'व्हिंटेज' नावाखाली चढ्या भावाने घेण्याआधी घरातलं कपाट उघडा. बॅटरी फुगलेली नाही ना, बघा. कार्डही तपासा. बरेच जुने कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड वाचत नाहीत आणि काही ऑलिम्पस, फुजी मॉडेलना लागणारं एक्सडी कार्ड आता नवं बनत नाही.