दुपार कोणाच्या मालकीची?

वऱ्हाडात मे महिन्याची दुपार ही कामाची वेळ नव्हेच. पारा ४४-४५ अंशांवर गेला, की बाळापुरात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ला, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, बाजार, रस्ते सारेच ओस पडतात आणि माणसे दारे लोटून कूलरच्या वाऱ्याला पडून राहतात. शासनालाही हे मान्य आहे. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा विदर्भातील मुले उन्हापायी आणखी काही दिवस घरीच असतात. अशा घरात एखादा विद्यार्थी गादीवर लोळत, अर्धवट झोपेत, मध्येच पन्ह्याचा घोट घेत दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ गेम खेळताना दिसला, तर वडीलधाऱ्यांचा निवाडा ठरलेला असतो : ही पिढी आळशी झाली.

हा निवाडा आम्हांस मान्य नाही. आज जे रागावतात त्यांनीही अशाच दुपारी पत्ते कुटले आहेत, सोंगट्या मांडल्या आहेत, ‘नवा व्यापार’च्या नोटा उशाशी घेऊन झोप काढली आहे. परीक्षा आटोपल्यावर एखादा दिवस वाया घालविण्याचा हक्क विद्यार्थ्याला असलाच पाहिजे. (आणि रविवारी कारकुनाला व शिक्षकालाही.) सुटी लागताच मुलांना कुठल्या ना कुठल्या वर्गाला डांबणाऱ्या पालकांपेक्षा लोळणारा मुलगा आम्हांस अधिक शहाणा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत गेमच्या विकाराची नोंद आहे आणि ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हे खरे. परंतु खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, हे सारे सामान्यतः वर्षभर टिकले तरच त्याला विकार म्हणावे, असे तेथे म्हटले आहे. एका सुस्त दिवसाला रोगाचे नाव देण्याचे कारण नाही.

प्रश्न आळसाचा नसून शेवटाचा आहे. पत्त्यांचा डाव चौथा भिडू उठला की मोडत असे. १९८५ साली आलेला आणि पुढे दूरदर्शन संचाला जोडून आपल्याकडे घरोघर खेळला गेलेला मारिओसुद्धा तीन जीव देई. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. त्यात भारनियमन आले म्हणजे सगळा पराक्रम क्षणात पुसला जाई आणि मुले मुकाट्याने उठून पाणी पीत. खेळ संपविण्याचे काम बाहेरचे जगच करीत होते.

आता मोबाइल स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि खेळ भलत्याच ठिकाणच्या संगणकावर चालू असतो. पबजीसारख्या खेळात १०० जण एकाच वेळी उतरतात. एक डाव अर्ध्या तासापर्यंत लांबतो व तो मधेच थांबवून ठेवण्याची सोय नसते. आई जेवायला हाक मारते तेव्हा ‘दोनच मिनिटे’ म्हणणारा मुलगा खोटे बोलतो हे खरे. पण तो उठला तर त्याचे तीन सोबती उघड्यावर पडतात, हेही तितकेच खरे. डाव संपतो तोच रोजच्या हजेरीचे बक्षीस पुढे येते. एक दिवस चुकला तर साखळी तुटते. हंगाम संपण्यापूर्वी कामगिऱ्या पुऱ्या करावयाच्या असतात. आळसाच्या दिवसाला असे हजेरीपत्रक जोडल्यावर तो आळस कसला? ती बिनपगारी नोकरीच झाली, आणि मुलाच्या डोळ्यांवर येणारी झोपही मग त्याची स्वतःची राहत नाही.

या दृष्टीने कायद्याकडे पाहिले तर काय दिसते? २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, ती देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. कर्जात बुडालेली घरे पाहता तो योग्यच होता. मात्र खिशाचे रक्षण झाले म्हणून वेळेचे झाले असे नव्हे. पबजीचा भारतीय अवतार मे २०२३ मध्ये परतला तेव्हा अल्पवयीनांना दिवसाला तीन तास आणि प्रौढांना सहा तास अशी मर्यादा सांगण्यात आली. सहा तास! कचेरीतला कारकून जेवणाची सुटी वगळून याहून फारसा अधिक वेळ खुर्चीवर बसत नाही.

चीनने २०२१ मध्ये मुलांना शुक्रवार ते रविवार आणि सणाच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच मोकळीक ठेवली. सरकारने असे प्रत्येक घरात घड्याळ घेऊन उभे राहावे, हे आम्हांस रुचत नाही. मागणे मागायचे ते खेळ रचणाऱ्यांकडे. एक दिवस न खेळल्याचा दंड नको, रोजच्या हजेरीचे बक्षीस अल्पवयीनांना तरी नको, आणि डाव संपल्यावर पुढचा आपोआप सुरू न होता पडदा काही वेळ कोरा राहावा. तेवढ्या वेळात मुलगा उठेल, कूलरमध्ये पाणी भरेल, किंवा कुशीवर वळून खरोखरच झोपी जाईल.