एक दोरा ओढला की...

मैत्रिणींनो, कच्चा टाका घालून ठेवलेला एखादा ब्लाउज तुमच्याही शिवणाच्या पिशवीत असेलच. कच्च्या टाक्याला आपण कधी मोजतो का? मशीन फिरली की उसवून टाकला! पण जपानच्या काबुकी नाटकात याच टाक्यावर भर रंगमंचावर टाळ्या पडतात.

तिथे नर्तकीच्या अंगावर एकावर एक असे किमोनो असतात. वरचा नुसता दोऱ्याने टाचलेला. दोऱ्याच्या टोकाला पकडायला इवलीशी गोळी. नाच रंगात आला, की मागचा मदतनीस हळूच एकेक दोरा ओढून घेतो आणि ऐन वेळेला वरचं वस्त्र खेचतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच किमोनोचा रंग पालटलेला! याला ‘हिकिनुकी’ म्हणतात. एखादा दोरा अडकला, तर मात्र फजितीच.

नर्तकी म्हटलं खरं, पण ती बाई नसते बरं का! गंमत अशी, की काबुकी सुरू केलं ते एका बाईनंच. १६०३ च्या सुमारास क्योतोला ओकुनी नावाची नर्तकी पुरुषी वेष करून, कमरेला तलवार लावून नाचली आणि लोक वेडे झाले. पुढे १६२९ साली सरकारनं नीतीचं कारण सांगून बायकांना रंगमंचावर बंदीच घातली. मग स्त्रीभूमिका पुरुषांकडे गेल्या, त्या कायमच्याच. बंदी पुढे उठली, पण व्यावसायिक काबुकीत आजही बहुतेक पुरुषच दिसतात. त्यांची कला थोरच. आपल्या बालगंधर्वांकडे पाहून बायका नटायला शिकल्या, हे आपण विसरलेलो नाही. पण ज्या घराची चूल हिनं पेटवली, त्या घरात हिलाच मज्जाव, हे मनाला लागतंच ना?

म्हणून कॅनबेराच्या मुलामुलींचं कौतुक वाटतं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत १९७६ साली ‘झा काबुकी’ ही विद्यार्थी मंडळी उभी राहिली आणि पुढे वर्षानुवर्षं काबुकी करत राहिली, तेही जपानी भाषेत! अशा मंडळीत कुणाचं कुळ विचारत नाहीत, की मुलगा-मुलगी पाहत नाहीत. ज्याला जमेल त्यानं ते करायचं. तलवार मुलीच्या हाती आली, तर ओकुनीचंच देणं तिला परत मिळालं म्हणायचं! आणि काळे कपडे घालून, असून नसल्यासारखं मागे राबणं कुणा मुलाच्या वाट्याला आलं, तर त्यात त्याला कमीपणा नाही. त्याच्याशिवाय नाटक उभंच राहत नाही.

आपल्या घरातही एवढं करता येईल. या रविवारी मुलाला जवळ बसवून कच्चा टाका शिकवा. दोरा कापडाहून वेगळ्या रंगाचा घ्यावा, म्हणजे नंतर चटकन दिसतो. टाके लांब घालावेत. शेवटी गाठ मारू नये, म्हणजे ओढला की सरळ निघून येतो. आणि गॅदरिंगच्या नाटकात मुलीच्या वाट्याला मावळ्याची भूमिका आली, तर “मुलीच्या जातीला शोभतं का?” असं बाई, तुम्ही तरी म्हणू नका. फेटा मुलाकडून टाचून घ्या, आणि तिला जाऊ द्या तलवार घेऊन!