देवघेवीच्या टेबलावरून

वाचकहो, ग्रंथपालाची नोकरी म्हणजे पंख्याखाली बसून पुस्तके वाचण्याची नोकरी, असा पुष्कळांचा समज आहे. खरे सांगायचे तर दिवसभरात आम्ही दोनच गोष्टी वाचतो. एक म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरची नंबराची चिठ्ठी आणि दुसरी वाचकाचा चेहरा.

"मागच्या वर्षी नेलं होतं बघा, लाल कव्हरचं!" असे सांगणारे वाचक रोज भेटतात. लेखक आठवत नाही, नावही आठवत नाही. मेल्विल ड्युई या अमेरिकन गृहस्थाने 1876 साली जगातल्या सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडले, पण 'लाल कव्हर' हा अकरावा वर्ग करायचा मात्र राहून गेला!

पुस्तकांच्या नावांनीही गमती होतात. एका मावशींनी बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी 'आई' नेले. आठवड्याने परत आणून म्हणाल्या, "बाळाच्या मालिशचं काहीच नाही हो यात! पोरगी मात्र मोर्चात जायचं म्हणते." ती मॅक्झिम गॉर्कीची 'आई' होती. लेकीने पुढचे पुस्तक स्वतः येऊन नेले, हे विशेष.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा 1963 सालचा कथासंग्रह आमच्याकडे कपाटात फारसा टिकत नाही. एकदा एका तरुणाने विचारले, "सर, 'जात' आहे का?" आमचा शिपाई रजिस्टर बघून म्हणाला, "बाहेर गेलीय. सोमवारी परत येईल." शेजारी पेपर वाचत बसलेले आजोबा चष्मा वर करून म्हणाले, "गेलीय ना? मग परत कशाला बोलावता?" शांतता राखा, या पाटीखालीच सगळी खोली हसली.

परत आलेल्या पुस्तकांतून काय काय निघते! एसटीचे तिकीट, वीजबिल, लग्नपत्रिका, पिंपळाचे पान. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने 'खून दिराने केला' असे लिहून ठेवणारे परोपकारी वाचकही आहेत. एकदा तर दहावीचे हॉल तिकीट निघाले, तेही परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. सभासद रजिस्टरातला पत्ता काढून शिपाई सायकलने गेला. सगळे घर रडवेले होऊन ट्रंका उपसत होते. तेव्हापासून कोणी 'पत्ता कशाला हवा?' म्हणाले की आम्ही ही हकीकत सांगतो.

सगळ्यात जास्त गर्दी असते ती अभ्यासिकेत. यांतली अनेक मुले पुस्तक मागायला येतच नाहीत. ती टेबल, दिवा आणि गप्प बसलेली चार माणसे मागायला येतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि टीव्ही असला की अभ्यास कुठे करायचा? बंद करायची वेळ झाली की रोज एकच विनवणी ऐकू येते, "सर, फक्त दहा मिनिटं." किल्ली हातात घेऊन आम्ही ती दहा मिनिटे मोजतो. ती वीस कधी होतात, हे घड्याळालाही कळत नाही.

महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली ग्रंथालयांना 'अ' ते 'ड' दर्जा मिळतो आणि दर्जाप्रमाणे अनुदान. अनुदान अपुरे पडते ही तक्रार जुनीच आहे. पण सभासदच उरले नाहीत, तर तक्रार तरी कोणाच्या नावाने करायची?

म्हणून भगिनींनो, बंधूंनो, घरातल्या एका तरी मुलाचे नाव जवळच्या वाचनालयात घाला. मोबाईल घेतला त्या पैशांत कितीतरी वर्षांची वर्गणी भरून होईल. आणि पुस्तक परत करताना एकदा झटकून पाहा. वीजबिल आम्ही भरत नाही!