बांधीत गेलेल्या पोरांची शाळा

मृग लागला की धानपट्ट्यात पऱ्हे टाकायची घाई सुरू होते आणि जूनच्या अखेरीस शाळेची घंटाही वाजते. पहिले काही दिवस वर्ग भरलेले असतात. जुलैत रोवणीला जोर आला, की नववी-दहावीचे मागचे बाक रिकामे दिसू लागतात. मास्तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडतात आणि पोरगा गुडघाभर चिखलात मायच्या बाजूला वाकून रोवणा करीत असतो. "काहून रे, शाळेत नाही जात?" म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते, "रोवणा सरला की जातो ना जी."

काही परत येतात. ज्याच्या घरी बाप आहे, दोन-चार एकर बांध्या आहेत, तो बहुधा येतो. ज्याचा बाप गेला, किंवा जमीनच नाही, किंवा धाकट्या भावंडांचे पोट मायच्या एकटीच्या मजुरीवर आहे, त्याचा रोवणा कधी सरत नाही. रोवणीमागून कापणी, कापणीमागून चुरणे आणि मग गावातल्या चार जणांसोबत नागपूरच्या बांधकामावर. पोरगी असली तर तिचा रस्ता आणखी लवकर बंद होतो. अशी पोरे प्रत्येक गावात आहेत, आणि सरपंचापासून कोतवालापर्यंत सर्वांना ती नावानिशी माहीत आहेत.

कायद्याने पाहू गेल्यास या पोरांच्या वाट्याला विचित्र वय आले आहे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला; तो ६ ते १४ वर्षांपर्यंतच्या मुलांचा. दुसऱ्या बाजूला, आरसेटीत म्हणजे बँकेच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिकायचे तर वयाची १८ वर्षे पुरी पाहिजेत. रोजगार हमीच्या मस्टरवरही १८ च्या आत नाव चढत नाही. म्हणजे १४ ते १८ ही चार वर्षे, ज्यात माणूस घडतो किंवा बिघडतो, ती ना शाळेची ना योजनेची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख करून देण्याचे म्हटले आहे. चांगली गोष्ट आहे. पण ती वर्गात बसलेल्याला मिळणार. जो बांधीत उभा आहे त्याचे काय?

आमचे म्हणणे एवढेच, की पोरगा शाळेत येत नसेल तर काही दिवस शाळेने बांधीवर जावे. ही कल्पना नवी नाही आणि परकीही नाही. नागपूरच्या पलीकडे वर्ध्याला २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगातून शिक्षणाचा आराखडा तयार केला. तीच नयी तालीम. सूत कातताना गणित आणि शेतात राबताना विज्ञान शिकावे, असा तो विचार होता.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३५ साली, फ्रान्सच्या नैऋत्य भागातल्या सेरिन्याक-पेबुदू नावाच्या खेड्यात असाच पेच उभा राहिला होता. एका शेतकऱ्याच्या पोराला शाळा नको होती आणि बापाला पोरगा अडाणी राहायला नको होता. गावच्या पाद्र्याने चार पोरे घेतली. महिन्यातला एक आठवडा त्याच्या घरी राहून शिकायचे आणि तीन आठवडे आपापल्या शेतावर काम करायचे, असा क्रम लावला. दोन वर्षांनी शेजारच्या लोझां गावात पालकांनी स्वतःचे घर घेऊन रीतसर शाळा उभी केली. पुढे त्या धर्तीच्या शाळा फ्रान्सभर आणि इतर देशांतही निघाल्या. पालकांची संस्था शाळा चालवते, शेतकरी पोराला कामावर शिकवतो आणि शिक्षक दोन्हीकडचा धागा जोडतो. भागीदारी म्हणतात ती हीच.

आपल्या राज्यातले उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकलेले अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली त्या अवर्षणी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली, नापास झालेली पोरे त्यांनी घेतली. पोरांनी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, रोपवाटिका, कोंबडीपालन ही कामे शिकताना ती गावासाठी करून द्यायची आणि गावाने त्याचे पैसे मोजायचे. त्याच विचारावर आठवी ते दहावीसाठी आठवड्यातून एक दिवस कामाचा, असा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार झाला आणि शालान्त मंडळाने तो मान्य केला. शिकवायला गावातलेच कारागीर उभे राहिले. कलबाग २००३ साली गेले, पण लेंड-अ-हँड इंडियासारख्या संस्थांनी विज्ञान आश्रमाच्या साथीने तो कार्यक्रम राज्यातल्या अनेक शाळांत नेला. यातून धडा असा, की एकट्या शाळेने किंवा एकट्या संस्थेने हे झाले नाही. शाळा, मंडळ, संस्था आणि गावचा मिस्त्री असे चारही हात लागले.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आफ्रिकेतल्या मोझांबिक देशात एड्सने घरचे कर्ते माणूस गेले आणि मागे लेकरे राहिली. त्यांच्याजवळ जमीन होती, पण बी केव्हा टाकायचे, साठवण कशी करायची हे सांगणाराच उरला नव्हता. २००४ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने मिळून तिथे अशा मुलांसाठी शेतीशाळा काढल्या. बाप गेला की त्याच्यासोबत बांधीचे ज्ञानही जाते, हे आपल्याकडे निराळे सांगायला नको. कोरोनाच्या दोन वर्षांत कर्ता माणूस गमावलेली आणि कर्जापायी बाप गमावलेली घरे विदर्भात थोडी नाहीत.

शेतीशाळा हा शब्द आता आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. कृषी सहायक प्लॉटवर गोळा करतात, चुड उकलून तुडतुडे मोजायला लावतात, मित्रकिडी दाखवतात. या पद्धतीचे मूळही धानाच्याच शेतात आहे. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्याने धान बसू लागले, तेव्हा १९८६ साली तिथल्या सरकारने धानावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांना बांधावरच निरीक्षण शिकवायला सुरुवात केली. आपल्या जिल्ह्यात मोठ्या शेतकऱ्यांसाठी जी पद्धत आहे, तीच पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांसाठी वर्षभर का चालू नये?

आता एक आक्षेप. तो खरा आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. मजुराच्या पोराला मजुरीचेच शिक्षण द्यायचे, आणि ज्याच्या घरी आहे त्याच्या पोराने डॉक्टर-इंजिनिअर व्हायचे, असा तर हा डाव नाही ना? मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारींनी अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ बापाच्या धंद्याची योजना आणली होती. ती जातीचाच धंदा पक्का करते म्हणून लोक खवळले आणि १९५४ साली ती गुंडाळावी लागली. ज्या जिल्ह्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्या जिल्ह्याला हा धोका समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आमची पहिली अट अशी, की या शाळेतून दहावीच्या प्रमाणपत्राचा रस्ता बंद होता कामा नये. १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी अभ्यासक्रम आहेत. ज्याला पुढे कॉलेजात जायचे असेल त्याने जावे, कारण वाट खुली ठेवली तरच याला शिक्षण म्हणता येईल.

दुसरी अट कामाची. रोवण्याचे काम पोराला येतेच, ते शिकवायचे कारण नाही. जे मालकाला कळते आणि मजुराला कळू दिले जात नाही, ते त्याला शिकवले पाहिजे. मिठाच्या पाण्यात बियाणे कसे निवडायचे, दर काही ओळींनंतर पट्टा का सोडायचा, चारसूत्री पद्धतीत खताची गोळी चार चुडांच्या मध्ये का दाबायची, खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांवर ओल भरली तर धान का परत येते, सातबारा कसा वाचायचा. प्रत्येकाने एक वही ठेवावी आणि एका बांधीचा बियाण्यापासून पोत्यापर्यंतचा हिशेब मांडावा. क्षेत्रफळ, शेकडेवारी, नफातोटा हे दहावीचे गणित त्या वहीत आपसूक येते.

धानासोबत तलाव आहे. आपला जिल्हा तलावांचा. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, गाळाने आणि बेशरमाने भरत चालले आहेत. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांनी व बायांच्या गटांनी बेशरम उपटले, तलावात देशी पाणवनस्पती लावल्या आणि हरवलेली गावठी मासळी परत आणली. कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो हे ढिवर म्हाताऱ्यांना पाठ आहे. ते ज्ञान लिहून घेणारी आणि त्याला मत्स्यबीज-संगोपनाची जोड देणारी पोरे त्याच समाजातून तयार झाली, तर उद्या संस्थेचे चिटणीस तेच होतील.

हे सर्व करायला नवी इमारत नको. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, धानाचे संशोधन केंद्र आहे. तालुक्याला आयटीआय आहे. गावात माध्यमिक शाळा, मच्छीमार संस्था, बचतगट आणि चार जाणते शेतकरी आहेत. प्रत्येकजण आपापल्या जागी काम करतो, पण एकाचा हात दुसऱ्याला लागत नाही. केंद्राचे प्रशिक्षण होते तेव्हा शाळेला पत्ता नसतो. शाळेतून पोरगा गळतो तेव्हा ग्रामपंचायतीला पत्ता नसतो.

म्हणून एका तालुक्यात एका गावापासून, फार तर वीस पोरापोरींपासून सुरुवात करावी. शाळेने नाव पटावर ठेवावे आणि रोवणी-कापणीच्या दिवसांत आठवड्यातून दोन दिवस, एरवी चार दिवस वर्ग घ्यावा. विज्ञान केंद्राने महिन्यातून एकदा माणूस पाठवावा आणि प्रात्यक्षिकाचे बियाणे द्यावे. आयटीआयने इंजिन-मोटार दुरुस्तीचे काही दिवस द्यावेत. मच्छीमार संस्थेने तलावाचा एक कोपरा द्यावा. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून वह्या, अवजारे व एका वेळच्या जेवणाची सोय पाहावी. आणि जाणत्या शेतकऱ्याने एक बांधी आणि आपला वेळ द्यावा. हा करार कागदावर लिहून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. तोंडी कराराचे काय होते ते आपण सगळे जाणतो.

शेतकरी बंधूंनो, इथे तुम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे. शिकायला आलेला पोरगा हा फुकटचा गडी नव्हे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने १४ च्या आतल्या मुलाला कामाला लावण्यास मनाई आहे. शाळा सुटल्यावर घरच्या कामात हातभार लावण्यापुरतीच सूट आहे. १४ ते १८ मधल्याला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. तेव्हा फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर द्यायचा नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणीने वीसहून अधिक माणसे दगावली, ती मोठी, सवयीची माणसे होती. मळणीयंत्राच्या तोंडाशी त्याला उभे करायचे नाही. शिकण्यापलीकडे काम घेतले तर त्याची मजुरी त्याच्याच बँकखात्यात पडली पाहिजे. पोरींसाठी बाई मार्गदर्शक असावी आणि दिवस मावळायच्या आत त्या घरी पोचाव्यात. या सर्वांवर गावच्या बालसंरक्षण समितीने लक्ष ठेवावे. बऱ्याच गावांत ती कागदावरच असते, तिलाही यानिमित्ताने काम मिळेल.

ग्रामसेवकांचे पद आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. पद बदलले तरी गावातल्या कोणत्या घरात चूल पेटत नाही हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. सरपंच आणि त्यांनी मिळून शाळेतून गळलेल्या १४ ते १८ वयाच्या पोरांची एक यादी करावी, एवढे जरी या हंगामात झाले तरी अर्धे काम झाले. यादीला खर्च लागत नाही, मंजुरीही लागत नाही. नाव, वय, कितवीत शाळा सोडली, घरी कर्ते कोण आणि सध्या कुठे कामाला जातो, एवढ्या पाच रकान्यांचा कागद पुरे.

रोप वेळेत उचलून लावले नाही तर पऱ्ह्यातच पिवळे पडते, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. पोरांच्या बाबतीतही ती वेळ चारच वर्षांची असते.