वायू गेला, आकार राहिला

कन्या राशीच्या दिशेला, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, एक मोठा दीर्घिकासमूह आहे. बिंगेली, सँडेज आणि टॅमन यांनी १९८५मध्ये त्याची यादी छापली. तीत सर्वाधिक भरणा निघाला बटू लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा. फिकट, लालसर, वायू जवळजवळ संपलेला आणि नवे तारे जन्मणं बंद.

समूहापासून दूर, एकट्या राहणाऱ्या बटूंची तऱ्हा नेमकी उलटी. आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने अशीच एक बटू, एनजीसी ३७४१, पाहिली, तेव्हा तिची हायड्रोजनची तबकडी ताऱ्यांच्या पसाऱ्याच्या कैक पट मोठी आढळली. असा भरलेला वायू समूहात जातो कुठे?

गन आणि गॉट यांनी १९७२मध्ये दिलेलं उत्तर मला आजही सर्वांत पटतं. समूहातल्या दीर्घिकांमधली जागा रिकामी नाही. तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला आहे आणि दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने त्यातून धावते. वारा पडलेल्या दुपारीही मोटारसायकलवर डोक्यावरची टोपी उडतेच की! तसाच समोरून लागणाऱ्या या वाऱ्याने दीर्घिकेतला वायू उडतो. मोठी दीर्घिका गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर आपला बराचसा वायू धरून ठेवते. बटूच्या अंगात तेवढं बळ नसतं.

शंका असेल त्याने आयसी ३४१८ पाहावी. याच समूहातली ही बटू दीर्घिका अगदी हे घडताना सापडली आहे. मुख्य अंगातली ताऱ्यांची निर्मिती खगोलशास्त्राच्या हिशेबात कालपरवा थांबलेली, आणि मागे लांब शेपटी. त्या शेपटीत तरुण, निळ्या ताऱ्यांचे पुंजके चमकतात. म्हणजे हिसकावला गेलेला वायू वाटेत तारे घडवत गेला. इतका बोलका पुरावा या विषयात क्वचितच मिळतो.

तरी सगळं खापर वाऱ्यावर फोडून चालणार नाही. वारा वायू नेतो, ताऱ्यांना धक्का लावत नाही. त्यामुळे ताऱ्यांची मूळची तबकडी मागे उरायला हवी, आणि काही ठिकाणी ती उरलेली आहे: २०००मध्ये आयसी ३३२८ या गुळगुळीत दिसणाऱ्या बटूत पुसट सर्पिल भुजा सापडल्या. पण जिथे तबकडीचा मागमूसही नाही, तिथे काय? मूर आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये शेजारून सुसाट जाणाऱ्या दीर्घिकांच्या गुरुत्वाकर्षणाचे वारंवार बसणारे धक्के सुचवले. काही बटू तर जन्मतःच तशा असतील. म्हणून निव्वळ छायाचित्रावरून या सर्वांना एका रांगेत बसवणं मला मान्य नाही. आतले तारे शिस्तीत फिरतात की सैरावैरा, हे वर्णपटातून आधी तपासावं.