गवताखालचे नाणे

मंत्रालयाच्या दारात जे यंत्र आपल्या जेवणाच्या डब्यावर ओरडते, त्याच जातीचे यंत्र काठीला लावून इंग्लंडातले हौशी लोक सुट्टीच्या दिवशी शेतातून, कुरणातून फिरतात. बहुतेक वेळा निघतो खिळा नाहीतर बाटलीचे बूच. क्वचित रोमन नाणे. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एकाला नांगरलेल्या शेतात सोन्याचा असा साठा लागला की त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली.

आम्हाला मात्र त्या सोन्यापेक्षा त्यांची खणण्याची रीत सांगावीशी वाटते. जमीन दुसऱ्याची, म्हणून मालकाची परवानगी आधी. आणि आपण निघून गेल्यावर तिथे कोणी खणले होते हे कळताही कामा नये. आवाज आला की प्रथम नेमकी जागा ठरवायची, म्हणजे खड्डा लहान पुरतो. मग धारदार खुरप्याने घोड्याच्या नालेसारखा तीन बाजूंनी काप घ्यायचा. चौथी बाजू जोडलेलीच ठेवायची. गवताचा तुकडा मुळांच्या मातीसकट पेटीच्या झाकणासारखा उलटतो. पूर्ण गोल काप घेतला तर मुळे चारी बाजूंनी तुटतात, तुकडा पिवळा पडतो, पाखरे तो उपसतात. खालची सुटी माती गवतावर टाकायची नाही, शेजारी कापड अंथरून त्यावर घ्यायची. वस्तू निघाल्यावर खड्ड्यात यंत्र पुन्हा फिरवायचे, सगळी माती परत भरायची, झाकण मिटून पायाने दाबायचे. जमीन कोरडी असेल तर पाणी घालायचे. कडक उन्हाळ्यात गवताला हात न लावणेच बरे.

वस्तू खोलवर, न नांगरलेल्या थरात लागली तर जाणता माणूस तिथेच थांबतो आणि पुरातत्त्वाच्या अधिकाऱ्याला बोलावतो. कारण वस्तू कुठे, किती खोल, कशाशेजारी होती यातच निम्मा इतिहास असतो. आपले नालासोपारा पाहा. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा; त्यात भिक्षापात्राचे तुकडे. भोवती ब्राँझच्या आठ मूर्ती. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. नाणे सातवाहनांचे, मूर्ती कित्येक शतकांनंतरच्या. म्हणजे पेटी मध्यंतरी उघडून पुन्हा श्रद्धेने बंद केली गेली असावी, असा तर्क अभ्यासकांना करता आला. तेच नाणे कोणी खिशात घालून सराफाकडे नेले असते तर?

असे नेणारे आपल्याकडे कमी नाहीत. गुप्तधनाच्या नादाने रात्री टेकाडे उकरली जातात, पुढे मांत्रिक, मागे कुदळ. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा ठेवली आहे. पण उकरलेल्या विटा कायद्याने पुन्हा रचल्या जात नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला ज्या वारशाच्या दारात आणून उभे केले, त्याचा बराचसा पुरावा अजून मातीतच आहे, हे अशा वेळी फार टोचते.

इंग्लंडातला छंद इकडे आणा, असे आम्ही म्हणत नाही. इथे परवान्याशिवाय संरक्षित स्थळी खणणे गुन्हा आहे. पण घराचा पाया खणताना, विहिरीच्या गाळात, शेतात नांगराला वस्तू लागते, तेव्हा काय करावे? काम थांबवावे. वस्तू चिंचेने, राखेने घासून लखलखीत करू नये. अक्षरे त्याच घासण्यात जातात. जागेवर खूण करावी, फोटो काढावा. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावेच लागते. अर्जात गट नंबर, खोली आणि तारीख लिहावी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.